अस्तरातलं बटण

बॅगेची चेन खराब झाली असं म्हणत गिऱ्हाईक येतं, पण चेन सहसा खराब झालेली नसते. खराब होतो तो रनर, म्हणजे दातांवरून पुढे-मागे सरकणारी कडी. तिचा जबडा सैल पडतो आणि मग दात एकमेकांत बसत नाहीत. पकडीने दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं की काम होतं. जास्त दाबलं तर रनर फुटतो आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे असं बघतं जणू बॅग तुम्हीच फाडली.

मस्तगडला आमचं बॅगा शिवायचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे शिवायचे, पुढे आमचे मालक दुकान बघायला लागले. मी मागच्या खोलीत पायमशीनवर. गिऱ्हाइकाशी बोलणं त्यांचं, शिवणं माझं, अशी वाटणी होती आणि मला ती फार सोयीची होती. अनोळखी माणसासमोर माझा आवाज घशातच राहतो. मालक गेल्यावर पुढे बसणं भाग पडलं. पहिले कित्येक दिवस मी मान खाली घालून "उद्या या" एवढंच म्हणायचे. लोकांना वाटलं बाई कामात पक्की आहे, बोलत नाही. खरं कारण कोणाला कळलं नाही.

शाळा चौथीपर्यंत झाली. त्यापुढचं सगळं वाचन रद्दीवर. नवी बॅग शिवली की तिचा आकार बसावा म्हणून आत कागदाचे बोळे भरतात. त्या रद्दीत जुने दिवाळी अंक निघतात. बोळा करण्याआधी मी पान वाचून घेते. त्यात कोणी रिटायर झालेला गार्ड, कोणी नर्स आपल्या कामातल्या हकिकती लिहितात. ते वाचून मला वाटायचं की आपल्याकडे असं काय आहे? चेन, पट्टा, कडी. आता एक हकिकत आहे. कुठल्या अंकाला पाठवायची नाही, कोणाला दाखवायचीही नाही. पण ती लिहून काढल्याशिवाय डोक्यातून जाईल असं वाटत नाही.

आमच्याकडे माणसं तऱ्हेतऱ्हेची येतात. ऊसतोडीला जायच्या आधी अंकुशनगरकडच्या बाया जाड कापडाचे मोठे थैले शिवून नेतात. त्यांना बूड दुहेरी लागतं, कारण थैला ट्रकमधून खाली फेकला जातो. इथल्या एक मारवाडी काकी तीर्थाला निघायच्या आधी दरवेळी लोणच्याच्या बरणीसाठी बॅगेत वेगळा कप्पा करायला लावतात आणि दरवेळी येऊन सांगतात की तेल झिरपलंच. एका लग्नात तर नवरीच्या शालूची बॅग कुलपासकट अडकली. अर्धं वऱ्हाड दुकानात आलं. मी खालून शिलाई उसवून शालू काढला आणि नंतर बूड असं शिवलं की कुलूप तसंच राहिलं. ती बॅग अजून बंद आहे म्हणतात.

पण या धंद्यातली खरी जागा म्हणजे अस्तर. खिशाला आतून भोक पडतं आणि माणसाचं काय काय त्यातून अस्तरात उतरतं. कंगवा, तिकिटं, लपवलेल्या गोळ्या, भलत्याच कोणाचा फोटो. दुरुस्तीला अस्तर उसवलं की ते माझ्या हातात येतं. सासऱ्यांनी नियम घालून दिला होता. अस्तरातून निघेल ते समोरच्या खिशात ठेवायचं आणि त्यावर तोंड उघडायचं नाही. मी तो नियम कायम पाळला. मला तो जडही गेला नाही, कारण तोंड उघडायचीच मला भीती.

केदारखेड्याचा संदीप पहिल्यांदा आला तो आईला घेऊन. तो नौदलात आहे, युद्धनौकेवर. सुट्टीवर आला होता. त्याने पिशवीतून एक काळी पाटी काढली. मला वाटलं शाळेतल्या पोराची पाटीच आहे. त्याने बोट लावलं तर तिच्यावर मराठी अक्षरं उमटली, छापील पुस्तकासारखी. म्हणाला, हे नुसतं वाचायचं यंत्र आहे, यात पोतंभर पुस्तकं मावतात. मी हात पुसून ते हातात घेतलं. उजेड डोळ्यांना लागत नव्हता. मला त्या यंत्राचा हेवा वाटला हे खरं.

मग त्याने सांगितलं ते ऐकून मी थक्कच झाले. जहाज निघायच्या आधी सगळ्यांचे मोबाईल काढून घेतात आणि कुलपात ठेवतात. फोटो काढणारी, बाहेर खबर धाडणारी कुठलीच वस्तू जवळ चालत नाही. हे वाचायचं यंत्रसुद्धा साहेबाला दाखवून, त्यातलं नेटवर्क बंद करून, वर चिकटपट्टी लावून मगच नेता येतं. जहाज कुठं आहे हे घरच्यांनाही कळता कामा नये. महिना महिना त्या माणसाचं जग म्हणजे पाणी, लोखंड आणि ही पाटी.

"जागा एवढी हाय, मावशी," म्हणून त्याने दोन हात कोपरात दुमडून दाखवले. "एकावर एक तीन बिछाने. ड्यूटी संपली की पडल्या पडल्या वाचायचं. पण सगळीकडं लोखंड. एकदा आपटलं की काच गेली."

त्याला कव्हर हवं होतं. मी विचारलं, वर चिकटायची पट्टी लावू का? तो हसला. ती पट्टी उघडताना खर्रकन वाजते आणि शेजारी ड्यूटीवरून येऊन झोपलेला माणूस उठून शिव्या देतो. लोखंडी बटण नको, खाऱ्या हवेत गंजतं. लोहचुंबक नको. म्हणून मी बाहेरून रेक्झिन, मध्ये जाड फोम, आतून सुती अस्तर असं कव्हर शिवलं आणि बंद करायला इलॅस्टिकचा फास दिला. माझ्या हातच्या चांगल्या कामांतलं ते एक. लढाईच्या जहाजावर आपली शिलाई जाणार म्हणून मी टाका नेहमीपेक्षा बारीक ठेवला.

मी शिवत होते तेव्हा त्याची आई, कौसाबाई, माझ्याजवळ बसून होती. वयाने माझ्याहून थोरली, म्हणून मी तिला अक्का म्हणाले. ती माझ्याशी हळू आवाजात बोलत राहिली. संदीपचे वडील वारले तेव्हा संदीप पाण्यावर होता. तिने त्याच्या मोबाईलवर फोन लावला, लावत राहिली. "बंद हाय, बंद हाय, एवढंच ती बाई बोलायची," कौसाबाई म्हणाली. नौदलाच्या ऑफिसातून निरोप गेला, पण जहाज दूर होतं. तो घरी पोचला तोवर तेरावाही उरकला होता. हे सांगताना ती रडली नाही. समोर उभ्या पोराकडे बघत होती, जणू तो आताही तिथे आहे की नाही याची खात्री नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी संदीप एकटा आला. सकाळची वेळ, मी नुकतं शटर वर केलं होतं. त्याने ते कव्हर माझ्या टेबलावर ठेवलं. ते मधोमध ब्लेडने कापलेलं होतं आणि आतला फोम बाहेर आला होता. कोंबडी सोलून ठेवल्यासारखं ते दिसत होतं.

"मावशी, एक विचारतो. खरं सांगा," तो म्हणाला. "हे शिवताना आत काही टाकलं व्हतं का तुम्ही?"

मी मान हलवली. मी काहीच टाकलं नव्हतं. तो स्टुलावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं.

जहाज बंदरात परत लागलं, कुलपातले मोबाईल ज्याचे त्याला मिळाले. थोड्या वेळाने त्याच्या एका सोबत्याच्या मोबाईलवर इशारा आला, की एक अनोळखी शोधबटण तुमच्यासोबत फिरत आहे. हे बटण म्हणजे रुपयाएवढी चकती. ती ज्या वस्तूला लावाल ती वस्तू कुठे आहे ते घरबसल्या मोबाईलवर दिसतं. जवळपास दुसऱ्यांचे मोबाईल असले की त्यांच्यामार्फत ती आपला ठिकाणा कळवते. युद्धनौकेवर असलं बटण. लगेच सगळ्यांचं सामान बाहेर काढलं. एकेक वस्तू तपासत ते संदीपच्या कव्हरापाशी आले. त्याच्या डोळ्यांदेखत कव्हर कापलं आणि फोममधून चकती निघाली.

"मी बघतच राह्यलो," तो म्हणाला. "माझेच साहेब माझ्याकडं असे बघत व्हते जसं मला कधी बघितलंच न्हाई."

त्याला जहाजावरून उतरवलं होतं. चौकशी चालू होती. बटण त्यांनी ठेवून घेतलं, कव्हर परत दिलं, आणि ते कोणी ठेवलं हे लेखी द्यायला थोडी मुदत देऊन घरी धाडलं. नोकरी राहते की जाते, की त्याहून वाईट काही होतं, हे त्या लेखी जबाबावर होतं. आणि त्याने मनाशी ठरवलंही होतं. बायको, अश्विनी. मागच्या सुट्टीत ती म्हणाली होती की तुमचा ठावठिकाणा मला देवाला विचारावा लागतो. तिच्याकडे भारीतला मोबाईल. आणि तिने शिवणाचा क्लास केलेला.

"तिला अंकुशनगरला माहेरी धाडलंय. तिच्यावर हात उचलला न्हाई, तेवढंच बाकी ठेवलं," तो म्हणाला. "तिचंच नाव देणार."

मी कसंबसं विचारलं, ती काय म्हणते?

"रडती. रडायला काय लागतं?"

मी कव्हर उलटं केलं. कडेची माझी शिलाई वीतभर उसवलेली होती आणि तेवढा भाग काळ्या दोऱ्याने हाताने शिवला होता. टाका सरळ, एकसारखा, पण सुरुवातीला गाठ नव्हती. जिथून टाका सुरू झाला तिथे दोरा दोनदा मागे वळवून दाबला होता. शिवणाच्या क्लासात पहिल्याच दिवशी पोरींना दोऱ्याला गाठ मारायला शिकवतात. गाठ न मारता सुरू करते ती जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणारी बाई. वाकळीत गाठ ठेवली तर झोपणाऱ्याच्या अंगाला टोचते. हा हात क्लास केलेल्या पोरीचा नव्हता.

त्या घरात दुसरी बाई एकच. दुकानात बसलेली कौसाबाई डोळ्यांपुढे आली. मी काहीच बोलले नाही. सासऱ्यांचा नियम होता म्हणून नाही, तोंडच उघडेना म्हणून. कव्हर ठेवून जा, उद्या बघते, एवढंच म्हणाले. त्याला वाटलं मी ते दुरुस्त करणार. "आता दुरुस्त करून काय उपयोग, मावशी," म्हणाला आणि वकिलाला भेटायला संभाजीनगरला निघून गेला.

मी दुकान बंद केलं आणि केदारखेड्याला जायला भोकरदनच्या एस्टीत बसले. असं कधी केलं नव्हतं. वाटेत दोनदा वाटलं उतरून परत जावं. माझं काय अडलं होतं त्या घरात? पण ती पोर अंकुशनगरला रडत बसली होती आणि तिच्या नावाने जबाब लिहिला जाणार होता. आणि तो टाका फक्त माझ्या पिशवीत होता.

कौसाबाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. बस म्हणाली, चहा टाकू का म्हणाली. मी कव्हर तिच्यापुढे ठेवलं. तिने सूप खाली ठेवलं आणि कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"तुझ्या मशीनचा टाका लई बारीक गं, सुमन," ती म्हणाली. "उसवता उसवता डोळे गेले माझे."

मी घाबरून आले होते, की ती नाकबूल करेल, भांडेल, मला हाकलेल. आणि ती माझ्या टाक्याची तारीफ करत होती. तिने मग सगळं स्वतःहून सांगितलं. गावात बैल चोरीला जायला लागले म्हणून शेजाऱ्याने बैलाच्या पट्ट्यात असलं बटण शिवलं. बैल कुठं चरतो ते तो मोबाईलमध्ये सगळ्यांना दाखवायचा. कौसाबाईने ते बघितलं. "बैलाचं कळतं, मंग लेकाचं का न्हाई कळायचं?" ती म्हणाली. भोकरदनच्या मोबाईलवाल्याकडून तिने बटण आणलं. संदीपने बोलायला म्हणून दिलेल्या मोबाईलमध्येच दुकानदाराने ते जोडून दिलं. संदीप निघायच्या आधी तो शेतात गेला असताना तिने कव्हर उसवलं आणि परत शिवलं.

मग ती रोज मोबाईल उघडून टिपका बघायची. टिपका बंदरात उभा होता. तिला बरं वाटायचं. आणि एक दिवस टिपका फिका पडला, खाली लिहून यायला लागलं की शेवटचं इथं दिसलं होतं. भर समुद्रात बाकीचे मोबाईल कुलपात, त्यामुळे बटणाला काही कळवता येत नव्हतं. हे तिला कोण सांगणार? तिला वाटलं जहाज बुडालं. ती जेवेना. अश्विनी विचारायची, आत्या, काय होतंय? ती सांगायची, पित्त. एकाच घरात सून रोज तिला गरम पाणी देत होती आणि ती मनातल्या मनात लेकाचं सुतक पाळत होती.

"अक्का, त्याची नोकरी जाईल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"जाऊ दे की," कौसाबाई म्हणाली. "घरी येईल."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती रागात नव्हती, वेडी झालेली नव्हती. तुरीतले खडे काढत शांतपणे बोलत होती. जमीन आहे, विहिरीला पाणी आहे, माणूस इथं काय मरत नाही. नवरा गेला तेव्हा पोरगा नव्हता, आपण जाऊ तेव्हा तरी असावा.

"अन् अश्विनी? तिचं नाव देतोय तो."

"चार दिवस रागवतो नवरा. माझा न्हवता का रागवत? तोच जाऊन आणील तिला."

या बाईला मी आधी एकदाच भेटले होते. तेव्हा ती मला गरीब, दुःखी, आपल्यासारखी वाटली होती. आताही ती तशीच दिसत होती. तेच मला सहन होईना. मी उठले आणि म्हणाले, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगणार. आयुष्यात मी कोणाला असं बोलले नव्हते.

ती पहिल्यांदा चिडली. "तुला काय पडलंय गं? तू आपल्या बॅगा शिव."

मी कव्हर उचललं आणि परतीची एस्टी धरली.

दुसऱ्या दिवशी संदीप आला. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. तो समोर बसल्यावर एकही आठवलं नाही. शेवटी मी कव्हर उलटं करून त्याचा अंगठा धरला आणि गाठ नसलेल्या जागेवर ठेवला. सुरुवातीला तो नुसताच बघत राहिला. मग अंगठा टाक्यावरून हळूहळू पुढे गेला आणि थांबला.

"हा वाकळीचा टाका हाय," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"मी ह्या टाक्यावर झोपून मोठा झालो, मावशी." तो उठला. "अश्विनीला मी काय काय बोललो ते तुम्हाला माहीत न्हाई," म्हणाला आणि निघाला. कव्हर नेलं नाही.

पुढचं मला अश्विनीने सांगितलं. ती प्रवासाच्या बॅगेला रनर बसवायला आली होती. बारीक, सावळी, हळू बोलणारी पोर. संदीप अंकुशनगरला गेला तेव्हा तिच्या वडिलांनी त्याला पहिल्यांदा दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा ती स्वतः बाहेर आली आणि म्हणाली, येते, पण केदारखेड्याला नाही. तुम्ही जिथं राहाल तिथं. आणि संदीप आईला घेऊन नौदलाच्या ऑफिसात गेला. तिथे कौसाबाईने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बैलाचंही सांगितलं. सांगून झाल्यावर तिने मोठ्या साहेबांना विचारलं, "मंग ह्याला घरी कधी सोडता?"

"साहेब आधी हसले," अश्विनी म्हणाली. "मंग त्यांच्या लक्षात आलं, आत्या खरंच विचारून राह्यल्या. तेव्हा कोणीच हसलं न्हाई."

नोकरी वाचली. पण जहाज गेलं. आता त्याला किनाऱ्यावर सामानाच्या गोदामात काम आहे. पुन्हा पाण्यावर पाठवतील की नाही, कोणी सांगत नाही. जहाज परत निघालं तेव्हा तो धक्क्यावर उभा होता म्हणे, सोबत्यांच्या सामानाच्या पेट्या मोजून देत. मी अश्विनीच्या बॅगेला नवा रनर बसवला. ती गेली.

या दिवाळीच्या आधी कौसाबाई आली. मी तिला बघून उठून उभी राहिले. तिने धान्याची पिशवी पट्टा लावायला आणली होती. पट्टा बरा होता, नुसता एक टाका सुटला होता, तो तिने घरीच घातला असता. मी पिशवी घेतली. ती मागच्यासारखीच माझ्याजवळ येऊन बसली.

मी विचारलं, संदीपचा फोन येतो का?

"रोज येतो. सांजच्याला, बराबर वेळेवर," ती म्हणाली. "आई, मी जमिनीवर हाय, म्हणतो. अन् ठेवून देतो."

मला आधी समजलं नाही. मी म्हणाले, दुसरं काही बोलत नाही?

"न्हाई. रोज तेवढंच." ती आपल्या हातांकडे बघत होती. "पाण्यावर व्हता तव्हा महिना महिना आवाज न्हाई. पण आला की ओट्यावर बसून रात सरंस्तोवर बोलायचा. मासे कसे उडतात, चांदणं कसं दिसतं. पुस्तकातलं वाचून दाखवायचा. मला काय कळायचं न्हाई त्यातलं."

मी मशीनवरून पाय काढला.

"आता कुठं हाय ते कळतंय गं, सुमन," कौसाबाई म्हणाली. "तेवढंच कळतंय."